दाढीवाला देवी आणि दुर्मीळ केतुत

एक देवी दाढीवाला आहे. सहाव्या शतकात वेल्समध्ये मठ उभारत हिंडलेला हा साधू म्हणजे वेल्श लोकांचा राष्ट्रीय संत. १ मार्चला त्याच्या नावाने लोक कोटाला डॅफोडिलचं फूल लावतात; कुणी कांद्याच्या जातीतली लीकची पात लावून मिरवतं. इंग्रज त्याला सेंट डेव्हिड म्हणतात, घरचे लोक देवी सांत. मूळ हिब्रू दाविद, म्हणजे लाडका. वेल्श तोंडात झिजता झिजता त्याचा देवी झाला. दुसरी देवी जावा बेटावरची. देवी सार्तिका यांनी १९०४ मध्ये बांडुंगला मुलींची शाळा काढली. ही देवी आपल्या ओळखीची, संस्कृतातून तिकडे गेलेली. रोमन लिपीत दोन्ही नावांची अक्षरं तीच चार, उच्चारही जवळपास तोच.

बारशाच्या आधी आईबाप 'अर्थासह नावं' चाळतात, त्या यादीत हा विषय दोन ओळींत मिटतो: देवी, वेल्श, लाडका; देवी, इंडोनेशियन, देवता. यादी खोटी नसते, पण नावाचा हा सगळ्यात पातळ पापुद्रा. बापाचं नाव, जन्माचा वार, घरातला क्रमांक, आजारपण, कुळ, जात, सरकारी रकाना असं बरंच काही माणसाच्या नावात मुरलेलं असतं आणि ते शब्दकोशात सापडत नाही. वेल्स आणि इंडोनेशिया यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, म्हणूनच ते शेजारी ठेवून पाहण्यात मजा आहे. दोन्हीकडे आडनावाशिवाय शतकानुशतकं सुखाने चाललं होतं. दोन्हीकडे मग कागद आला.

अमक्याचा तमका

वेल्श पद्धत सोपी होती. 'मब' म्हणजे मुलगा. तो झिजून 'अप' झाला, स्वरापुढे 'अब'. मुलीसाठी 'व्हेर्ख'. चौदाव्या शतकातला थोर कवी दाविद अप ग्विलिम म्हणजे ग्विलिमचा मुलगा दाविद. बापाच्या मागे आजा, त्याच्या मागे पणजा अशी साखळी हवी तेवढी ओढता येई. ही हौस नव्हती. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वेल्श कायद्यात जमीन कुळाची असे आणि कुणाच्या हातून खून झाला, तर भरपाईचा बोजा दूरच्या चुलतभावांपर्यंत वाटला जाई. आपले पूर्वज ज्याला म्हणता येत नाहीत, त्याला हक्कही सांगता येत नसे. नाव हा चालताबोलता सातबारा होता.

१५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला, कोर्टकचेरीचं काम इंग्रजीत गेलं आणि ही साखळी कारकुनांना जड झाली. उत्तर वेल्समधल्या मोस्टिन घराण्याचा एक किस्सा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. थॉमस अप रिचर्ड अप हवेल अप इयेवान व्हखान हे लांबलचक नाव ऐकून बिशप रोलंड ली वैतागले आणि त्यांनी फर्मावलं की, यापुढे राहत्या घराचं नाव लावा. तेव्हापासून ते मोस्टिन. गंमत म्हणजे ज्यांच्या राज्यात हे घडलं ते ट्यूडर राजेही याच साखळीतून निसटलेले होते. त्यांचा मूळ पुरुष ओवाइन अप मरेदिद अप टिडिर. इंग्रजी रीतीने बापाचं नाव धरलं असतं, तर इंग्लंडच्या इतिहासात 'मेरेडिथ काळ' आला असता. आजोबाचं नाव चिकटलं आणि ट्यूडर घराणं जन्मलं.

सामान्य माणसाची साखळी तुटताना 'अप'मधला 'प' किंवा 'ब' मात्र जागचा हलला नाही. अप ऱ्हीसचा प्राइस झाला, अप हवेलचा पॉवेल, अप हिवचा प्यू, अप हॅरीचा पॅरी, अब ओवेनचा बोवेन, अब एव्हनचा बेव्हन. पॉवेल हे आडनाव इंग्रजी वाटतं; त्याच्या पोटात हवेल नावाचा बाप बसलेला आहे. काही आडनावं रंगरूपावरून आली. ल्लॉइद म्हणजे करडा, त्याचं लॉइड झालं. कोख म्हणजे लाल, त्याचं गॉफ. व्हखान म्हणजे धाकटा, त्याचं व्हॉन. लॉइडमधला मूळ 'ल्ल' काढायला जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूने नुसती हवा फुंकावी लागते. इंग्रजांना ते जमेना, म्हणून त्याच शब्दाचं फ्लॉइडही झालं. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मधला फ्लुएलन हा असाच, मूळचा ल्लिवेलिन.

टी. जे. मॉर्गन आणि प्रिस मॉर्गन या बापलेकांनी १९८५ मध्ये वेल्श आडनावांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातून एक गोष्ट नीट उमगते. हे गोठणं एका दिवसात झालं नाही. बड्या घरांनी सोळाव्या शतकात आडनाव घेतलं, डोंगराळ भागातल्या गरिबांकडे ते एकोणिसाव्या शतकापर्यंत पोचत होतं. तोवर जुनी वेल्श नावं मागे पडून जॉन, विल्यम, डेव्हिड, थॉमस अशी मोजकीच नावं चालू राहिली होती. बापाचं नाव गोठलं ते नेमकं या टंचाईच्या काळात. म्हणून गावंच्या गावं जोन्स, विल्यम्स, डेव्हिस आणि इव्हान्स झाली. यातल्या जोन्सचा 'जे' तर पारंपरिक वेल्श वर्णमालेत नाहीच.

एका आडनावाची इतकी गर्दी झाली की काय होतं, ते आफ्रिकेतल्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत दिसतं. २२ जानेवारी १८७९ च्या रात्री तिथल्या ब्रिटिश ठाण्यातलं इस्पितळ पेटलं होतं आणि एका खोलीच्या दारात दोन शिपाई आजाऱ्यांना बाहेर काढत लढत होते. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघेही जोन्स. पलटणीत त्यांची ओळख क्रमांकावरून: विल्यम जोन्स ५९३ आणि रॉबर्ट जोन्स ७१६. वेल्श गार्ड्समध्ये आजही आडनावामागे क्रमांकाचे शेवटचे आकडे जोडतात.

गावात आकडे चालत नाहीत, तिथे टोपणनाव चालतं. दूधवाला तो 'जोन्स द मिल्क', पाववाला 'दाइ ब्रेड'. डिलन टॉमसच्या 'अंडर मिल्क वुड' या १९५४ साली रेडिओवर आलेल्या नाटकात पेट्या करून प्रेतं पोचवणाऱ्याचं नाव 'इव्हान्स द डेथ' आहे. हसू येतं, पण कागदाने सगळ्यांना एकसारखं केल्यावर गावाने आपल्या सोयीने केलेली ती दुरुस्ती आहे.

ज्या नावाने कुणी हाक मारली नाही

वेल्श इतिहासातलं सगळ्यात करुण नाव एका बाळाचं आहे. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र ल्लिवेलिन अप ग्रिफिद याची मुलगी ग्वेन्ल्लियन जून १२८२ मध्ये जन्मली. आई बाळंतपणात गेली, डिसेंबरात बाप लढाईत पडला. इंग्लंडच्या राजाने तान्ह्या मुलीला लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमच्या मठात पाठवलं आणि १३३७ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळपास ५४ वर्षं, ती तिथेच राहिली. भोवती वेल्श बोलणारं कुणी नाही. मठाच्या नोंदीत तिचं नाव 'वेन्सिलियन' असं लागलं. एका अर्जात तिने स्वतः ते 'वेन्त्लियान' लिहिलं आहे. आपलं नाव आपल्या भाषेत कसं म्हणतात, हे सांगायला तिच्याजवळ माणूस नव्हता. अर्थ विचारला, तर यादी सांगेल: 'ग्वेन' म्हणजे शुभ्र, पवित्र. २००९ मध्ये स्नोडोनियातल्या एका शिखराला तिचं नाव दिलं गेलं.

ग्वेन हा शब्द ब्रॉनवेन, ओल्वेन अशा कितीतरी नावांत आहे. 'मबिनोगी' या मध्ययुगीन कथांमधून आलेली नावं मात्र फार काळ पुस्तकात झोपली होती. स्वान्झीच्या एका इंग्रजीच्या मास्तरांनी १९१४ मध्ये आपल्या मुलाला त्या कथांतल्या समुद्रपुत्राचं, डलनचं, नाव दिलं. तो मुलगा पुढे कवी डिलन टॉमस झाला. १९६२ मध्ये मिनेसोटाच्या रॉबर्ट झिमरमनने बॉब डिलन हे नाव कायद्याने घेतलं आणि समुद्रपुत्र जगभरच्या पाळण्यांत पोचला.

त्याच कथेत डलनच्या भावाची गोष्ट आहे. आई आरियन्‌ऱ्हॉड शाप देते की, मी ठेवल्याशिवाय या मुलाला नाव मिळणार नाही. मामा ग्विदियन चांभाराचं सोंग घेऊन मुलासह तिच्यापुढे जातो. मुलगा अचूक नेम धरून इवल्या पक्ष्याच्या पायावर मारतो आणि आईच्या तोंडून कौतुक निसटतं: गोऱ्या पोराचा हात काय सफाईदार! तेच त्याचं नाव ठरतं, ल्ले ल्लाव गफेस. नाव शोधून ठेवायचं नसतं, कुणाच्या तरी तोंडून ते उमटावं लागतं, ही समजूत वेल्श कवींच्या टोपणनावांतही आहे. एलिस इव्हान्स हा मेंढपाळ 'हेद विन', म्हणजे शुभ्र शांती, या नावाने लिहीत असे. ३१ जुलै १९१७ रोजी तो बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला आणि काही आठवड्यांनी राष्ट्रीय आयस्तेद्वोद संमेलनात त्याने जिंकलेल्या खुर्चीवर काळं कापड घालावं लागलं.

विसाव्या शतकात उलटा प्रवास सुरू झाला. बास-बॅरिटोन गायक ब्रिन टेर्व्हेल जोन्स यांनी त्याच क्षेत्रात दुसरे ब्रिन-जोन्स होते म्हणून 'जोन्स' सोडून दिलं. २०२३ मध्ये प्लाइड कम्री या पक्षाचे नेते झालेले ऱ्हिन अप योर्वेर्थ यांच्यासारखी माणसं चारशे वर्षांपूर्वी पुसलेला 'अप' पुन्हा लावतात.

वार, क्रमांक आणि जड नाव

इंडोनेशियात एक पद्धत शोधायला जाऊच नये. सतरा हजारांवर बेटं, शेकडो भाषा, तितकीच बारशी. राष्ट्राध्यक्ष सुकर्णो आणि सुहार्तो यांना आडनाव नव्हतं, पूर्ण नावच एका शब्दाचं. परदेशी लेखनात सुकर्णोंच्या मागे 'अहमद' चिकटलेला आढळतो, कारण रिकामा रकाना परदेशी माणसाला बघवत नाही.

जावामध्ये पाच दिवसांचा बाजाराचा आठवडा असतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. वागेला जन्मला तो वागिमान, जन्मली ती वागियेम; पोनचा पोनिमान, पोनची पोनिरा. आपल्याकडे मंगळू आणि बुधाजी होते, तसंच. ऑगस्टमध्ये जन्मलेला आगुस, नोव्हेंबरातली नोव्ही, डिसेंबरातली देसी. पहिल्या मुलाचं एको, मग द्वि, मग त्रि; ही तर आपलीच उजळणी. जन्मदाखला हरवला, तरी नाव बऱ्याच गोष्टी सांगतं. वर्गही सांगतं: वागियेम हे खेड्यातलं नाव, '-निंग्राट' शेवटी असलेलं वाड्यातलं. सरदारघराण्यातल्या कार्तिनी यांनी १८९९ मध्ये डच मैत्रिणीला पत्र लिहिताना बजावलं होतं की, पदव्या नकोत, मला फक्त कार्तिनी म्हण.

जावाच्या लोकांचा असाही समज आहे की, नावाला वजन असतं. मूल सतत आजारी पडलं, तर नाव त्याला पेलत नाही असं मानतात आणि लाल-पांढरी खीर वाटून नवं नाव ठेवतात. सुकर्णो यांचं जन्मनाव कुस्नो. आजारपणं संपेनात, तेव्हा वडिलांनी ते बदललं. महाभारतातला कर्ण त्यांचा आवडता, पण तो चुकीच्या बाजूने लढला, म्हणून पुढे 'सु' लावला, असं सांगितलं जातं. जावात शेवटचा 'अ' ओकारान्त होतो, म्हणून कर्णाचा कर्णो. कर्णावर जीव टाकणाऱ्या मराठी वाचकाला त्या 'सु'मधली बापाची काळजी वेगळी समजावून सांगायला नको. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जोको विदोदो यांचंही लहानपणचं नाव मुल्योनो होतं आणि तेही आजारपणामुळे बदललं. दगडू-धोंडू ठेवून दृष्ट चुकवणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. फरक एवढाच की, आपल्याकडे नाव मुद्दाम हलकं ठेवत, तिथे जड झालेलं नाव उतरवतात.

उत्तर सुमात्रातले बाताक लोक नेमके उलटे. त्यांना 'मार्गा', म्हणजे कुळनाव, असतं: सिरेगार, नासुतियोन, हाराहाप, सिमान्जुन्ताक. दोन अनोळखी बाताक भेटले की आधी मार्गा विचारतात, वंशावळ जुळवतात आणि मगच एकमेकांना मामा म्हणायचं की मेहुणा, हे ठरतं. एका मार्गातल्यांचं लग्न होत नाही. लग्नानंतर बाई बापाचीच मार्गा ठेवते. शेजारच्या मिनांगकाबाउंमध्ये कूळ आईकडून चालतं आणि लग्न होताच पुरुषाला पदवी मिळते. लहानपणी नाव, मोठेपणी पदवी अशी त्यांच्याकडे म्हणच आहे.

बापाच्या नावाची वेल्श साखळी इथेही भेटते. सुकर्णोंची मुलगी मेगावती सुकर्णोपुत्री, म्हणजे वेल्श रीतीने 'व्हेर्ख सुकर्णो'. चौथे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांच्या नावातला वाहिद हे वडिलांचं नाव. वडील वाहिद हाशिम यांच्या नावातला हाशिम हे आजोबांचं. तीन पिढ्यांत आडनाव एकही नाही. मेगावती मुसलमान आहेत आणि त्यांचं नाव मेघवती आहे, याचं तिथे कुणाला आश्चर्य वाटत नाही. विस्नू, इंद्रा, सिता, बिमा ही नावं मशिदीत जाणाऱ्यांचीही असतात. धर्म बदलला म्हणून भाषेने आपला जुना खजिना टाकून दिला नाही. फ्लोरेस बेटावर आणखी एक थर सापडतो. लारांतुका आणि सिक्का भागात दा सिल्व्हा, फर्नांडिस, मोंतेरो अशी आडनावं आहेत. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी गोव्यात होती. बाप्तिस्म्याचं तेच पाणी मांडवीकाठी आणि लारांतुकाच्या किनाऱ्यावरही शिंपडलं गेलं.

रकाना

डिसेंबर १९६६ मध्ये इंडोनेशियाच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय काढला: चिनी वंशाच्या नागरिकांना नाव बदलणं सोपं करण्याचा. कागदावर सोय होती, वातावरणात दडपण होतं. तेव्हा लोकांनी जे केलं, ते सोळाव्या शतकातल्या वेल्श माणसासारखंच. जुनं नाव नव्याच्या पोटात ठेवलं. लिमचा हालिम किंवा सालिम झाला, तानचा सुतान्तो किंवा तानोतो. उद्योगपती लिम स्यू ल्योंग हे सुदोनो सालिम झाले. बॅडमिंटनमध्ये ऑल इंग्लंडचं विजेतेपद आठ वेळा मिळवणारे रूडी हार्तोनो हे जन्माने न्यो हाप ल्यांग. नाव न बदललेलाही एक खेळाडू आपल्याला चांगला माहीत आहे. १९८० च्या ऑल इंग्लंड अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोण यांनी हरवलं तो लिम स्वी किंग. त्या दिवशीच्या बातमीत आपण त्याला फक्त हरलेला इंडोनेशियन म्हणून वाचलं; आपलं तीन शब्दांचं चिनी नाव घेऊन इंडोनेशियाकडून खेळणं ही केवढी गोष्ट होती, ते तेव्हा आपल्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

जेम्स स्कॉट या अभ्यासकाचं म्हणणं असं की, कायमचं आडनाव हे राज्यसंस्थेने स्वतःच्या सोयीसाठी घडवलेलं साधन आहे: कर, भरती आणि पोलीस यांना माणूस सापडला पाहिजे. मोस्टिन आणि सालिम दोघेही त्याच्या बाजूने साक्ष देतील. पण ही अर्धीच बाजू झाली. बाताकांनी मार्गा सरकारसाठी राखली नाही, सोयरीक जुळवण्यासाठी राखली. शिवाय राज्य नाव देतं तेव्हा लोक नुसते घेऊन गप्प बसत नाहीत. ते त्यात बापाचा 'प' लपवतात, लिम लपवतात आणि वर 'द मिल्क' जोडतात.

२०२२ मध्ये इंडोनेशियाच्या गृहमंत्रालयाने नियम केला की, कागदपत्रांत नव्याने नोंदवायचं नाव किमान दोन शब्दांचं असावं, साठ अक्षरांहून लांब नसावं, वाचायला सोपं असावं आणि त्याचा अर्थ वाईट नसावा. आधीची एकशब्दी नावं राहिली. कारण व्यवहारी होतं: शाळा, पासपोर्ट, व्हिसा. आज जन्मलेल्या बाळाला मात्र नुसतं सुकर्णो होता येणार नाही.

चौथा

बालीत मुलाचं नाव जन्माआधीच ठरलेलं असतं. पहिलं वायान किंवा पुतू, दुसरं मादे किंवा कादेक, तिसरं न्योमान किंवा कोमांग, चौथं केतुत. मुलगा असो की मुलगी, नाव तेच. पुढे मुलाला 'इ' आणि मुलीला 'नि' लागतं. पाचवं झालं, तर पुन्हा वायान. मादे म्हणजे आपला मध्य. मूल झालं की आईबापांचीही नावं बदलतात: 'पान' अमका म्हणजे अमक्याचा बाप, 'मेन' अमका म्हणजे अमक्याची आई. ज्या घरांत नवऱ्याला 'बंड्याचे बाबा' अशी हाक जात असे, तिथे हे लगेच कळेल.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी १९६६ मध्ये या नावांवरून मोठा सिद्धान्त मांडला. वायान-मादे-न्योमान-केतुत हे चक्र फिरत राहतं, आजोबांची नावं मुलांच्या नावांखाली गडप होतात. म्हणजे बालीची संस्कृती व्यक्तीला पुसून तिच्या जागी भूमिका ठेवते. हा निबंध अजून वाचला जातो आणि अजून त्याच्याशी भांडलं जातं. त्याच क्षेत्रातल्या उन्नी विकान यांनी १९९० मध्ये बालीतल्या माणसांच्या मनातली खळबळ दाखवून प्रश्न केला की, ही माणसं खरंच इतकी व्यक्तित्वहीन आहेत का? मला विकान यांची बाजू पटते, आणि तीही एका साध्या कारणाने. गल्लीत चार वायान असले, तरी आई एकालाच हाक मारते आणि नेमका तोच वळून पाहतो. वेगळेपण आवाजात असतं. रॉबर्ट जोन्सला ७१६ हा आकडा पलटणीत लागला, घरात लागला नसेल.

मात्र बालीच्या नावांवर जे संकट आलं, ते गिअर्ट्झ किंवा स्कॉट यांच्या सिद्धान्तात बसत नाही. १९७० पासून इंडोनेशियाने 'दोन मुलं पुरेत' ही मोहीम जोरात चालवली आणि बालीने ती मनावर घेतली. घरं दोनावर थांबू लागली. वायान आणि मादे उदंड. न्योमान कमी झाले, केतुत दुर्मीळ. कुठल्याही कारकुनाने हे नाव खोडलं नाही, कुठल्याही बिशपला ते लांब वाटलं नाही. २०१९ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी चार मुलांच्या परंपरागत कुटुंबाचा पुरस्कार करणारा आदेश काढला. गव्हर्नरांचं स्वतःचं नाव वायान कोस्तेर.

पुसलेला 'अप' परत लावता येतो. सालिमच्या पोटातला लिम नातवाला सापडू शकतो. ग्वेन्ल्लियनच्या वाट्याला सातशे वर्षांनी एक डोंगर तरी आला. केतुत हे नाव मात्र हौस म्हणून थोरल्या मुलाला देता येत नाही, शिखरावर कोरून भागत नाही. त्याच्या आधी घरात वायान, मादे आणि न्योमान रांगून गेलेले असावे लागतात.